आनंदवन ते हेमलकसा: दादाचा कॅमेरा, मामींचं पेन आणि मोहफुलं

दादाच्या फोटोग्राफी ग्रुपचं प्रदर्शन होतं आणि त्याचे तीन विषय ठरले होते: माणसांसाठी चाललेलं काम, निसर्ग, आणि तिसरा म्हणजे काहीतरी गमतीचं, खेळकर. बाकीच्यांनी तीन वेगवेगळ्या ठिकाणी जायचे बेत केले. आमचा दादा मुळात आळशी, तो म्हणाला एकाच ट्रिपमध्ये तिन्ही उरकू, बाबा आमटेंचं आनंदवन, ताडोबाचं जंगल आणि गडचिरोलीतलं हेमलकसा. मला सुट्टी होती आणि मामी तर केव्हापासून आनंदवनला परत जायचं म्हणत होत्या. त्या जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्यातून रिटायर झाल्यात, नोकरीतली बरीच वर्षं कुष्ठरोगाच्या कामात गेली. मार्च महिना होता, पळस फुललेला, ऊन अजून जीव घेण्याइतकं झालं नव्हतं.

शुक्रवार

नागपूरहून सातला निघायचं ठरलं होतं म्हणजे दहाला निघालो. गाडी भाड्याची, ड्रायव्हरभाऊ चंद्रपूरकडचे, बुटीबोरी येईपर्यंत त्यांनी आमच्या सगळ्यांची कुंडली काढून घेतली. "मामी कशात होत्या जी? आरोग्यात? मग माया गुडघ्याचं पाहून घ्या ना जरा." मामींनी चालत्या गाडीत त्यांना गुडघ्याचे व्यायाम सांगितले.

वरोरा नागपूरपासून शंभरेक किलोमीटर आणि आनंदवन वरोऱ्याला लागूनच. पहिल्यांदा जाणाऱ्याला धक्का याचा बसतो की हे संस्थेसारखं दिसतच नाही, सरळ गाव वाटतं. शेती, तळी, शाळा, कॉलेज, हातमाग, दवाखाना, पोस्ट, बँक, सगळं आतच. १९४९ साली बाबा आमटे आणि साधनाताईंनी इथे सुरुवात केली तेव्हा जवळ होते सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. पण जमीन काय होती ते तिथे पाय ठेवल्यावर कळतं, नुसता खडक. पहिली विहीर खणायची म्हणजे बोटं झडलेल्या हातांनी त्या खडकावर घाव घालायचे, ते पण विदर्भाच्या उन्हात. मी सपाट रस्त्यावरून वीस मिनिटं चालले आणि टोपी विसरले म्हणून चिडचिड करत होते.

सामान टाकून दुपारी हातमागावर गेलो. खटखट खटखट आवाज, एका लयीत. आत एक आजोबा सतरंजी विणत होते. दादाने लगेच कॅमेरा काढला आणि (मला माहीतच होतं) लेन्स सरळ त्यांच्या बोटांवर, म्हणजे जिथे बोटं असायला हवी होती तिथे. काढण्याआधी विचारलं मात्र. आजोबांनी एकदा दादाकडे पाहिलं, एकदा कॅमेऱ्याकडे.

"हाताचे फोटो लय जण काढते जी. ह्या सतरंजीचा काढा ना, हे विकाची हाय."

मामी इतक्या हसल्या की दोन मागांपलीकडचे लोक थांबून बघायला लागले. दादाने सतरंजीचा फोटो काढला, निळ्या पट्ट्यात मध्येच एक केशरी पट्टा होता. तो का, तर म्हणे निळं सूत कमी पडलं होतं. मग आजोबांनी स्वतःच सांगितलं की आता माझा पण काढा, पण असं मागे बसून, माग पूर्ण दिसला पाहिजे. फ्रेम त्यांनी ठरवली. दादाचा आख्ख्या ट्रिपमधला तो सगळ्यात चांगला पोर्ट्रेट आहे आणि त्याचं श्रेय त्याला अजिबात देता येत नाही.

संध्याकाळी अंगणात बसलो होतो तेव्हा ड्रायव्हरभाऊंनी हळूच मामींना विचारलं, हा रोग लागते का जी? त्यांना आवारात राहायची जरा धास्तीच होती. मामींनी लेक्चर दिलं नाही. पर्समधून पेन काढलं, म्हणाल्या डोळे मिटा, पेनाचं टोक टेकवते तिथे बोट ठेवून दाखवा. मनगट, कोपर, खांदा, परत मनगट. भाऊंनी बरोबर दाखवलं. "आम्ही गावोगाव हेच करत फिरायचो," मामी म्हणाल्या, "अंगावर फिकट नाहीतर लालसर चट्टा असला की त्याच्यावर पेन टेकवायचं. चट्ट्याच्या बाहेर पेशंट बरोबर दाखवतो आणि चट्ट्यावर टेकवलं की गप्प बसून राहतो, त्याला कळलेलंच नसतं. तिथेच निदान."

मग बाकीचं निघालं. जंतूचा शोध नॉर्वेच्या हॅन्सनने १८७३ मध्ये लावला, पण हमखास बरं करणारी औषधं यायला पुढची शंभरेक वर्षं गेली. ऐंशीच्या दशकात एमडीटी आलं, दोन-तीन औषधं एकत्र, सहा महिने किंवा वर्षभर, सरकारी दवाखान्यात फुकट. पहिल्या डोसानंतर थोड्याच दिवसांत पेशंट दुसऱ्याला लागण करत नाही. बोटं जंतू खात नाही, हे मला खरंच माहीत नव्हतं. नस मेली की दुखणं जातं, मग चुलीचा चटका, पायातला काटा, चपलेचा घट्टा काहीच कळत नाही, जखम चिघळते आणि हाड झिजत जातं. "दुखतं तेच बरं असतं बघा," मामी म्हणाल्या, आणि भाऊंच्या गुडघ्यावर एक चापट मारली.

शनिवार

आनंदवनात पूर्ण दिवस फिरलो तरी अर्धं राहिलं.

सकाळी चपला बघितल्या. ऐकायला कंटाळवाणं वाटेल पण मामींनी मला तिथे धरूनच ठेवलं. कुष्ठरोग्यांसाठीच्या चपलेत एमसीआर नावाचं रबर वापरतात, आत बारीक बारीक हवेची छिद्रं असलेलं, अंगठ्याने दाबलं की खाली जातं आणि हळूच वर येतं. वरून मऊ, खालून टणक तळ, म्हणजे काटा आत घुसत नाही आणि पावलाचं वजन एकाच जागी येत नाही. खिळे अजिबात वापरायचे नाहीत, सगळं चिकटवायचं नाहीतर शिवायचं, कारण खिळा वर आला तर घालणाऱ्याला कळणारच नाही. पट्टा मागून बंद, नाहीतर सुन्न पायातून चप्पल निसटते आणि माणूस तसाच पुढे चालत जातो. दादाने या चपलांचे फोटो काढले, खिडकीतल्या उन्हात, अगदी दागिन्यांचे काढतात तसे.

नंतर एका कार्यकर्त्या ताईंनी ती घरं दाखवली, घुमटाकार छपराची. न्युबियन पद्धत म्हणतात, नाईलच्या वरच्या खोऱ्यातली जुनी. विटांच्या कमानी एकाला एक टेकवत न्यायच्या, छपराला ना लाकूड लागतं ना लोखंड. बाबांचे थोरले चिरंजीव डॉ. विकास आमटे, त्यांना टाकाऊ वस्तूंचं असं वेड की फाटके टायर आणि प्लास्टिकचा कचरा वापरून त्यांनी बंधारे घातले. गरज असतेच हो, पण नुसत्या गरजेतून असलं सुचत नाही. कोणीतरी टायरच्या ढिगाकडे बघत बसलेला असतो आणि त्याला गंमत वाटते की याचं काहीतरी करता येईल, त्याशिवाय होत नाही हे. दादाचा खेळकरवाला विषय इथेच सुरू झाला असं मी त्याला सांगितलं. त्याला पटलं नाही, म्हणे बंधारा काय खेळकर असतो का.

पटलं संध्याकाळी. 'स्वरानंदवन' हा इथला ऑर्केस्ट्रा, अंध, मूकबधिर, अपंग आणि कुष्ठमुक्त कलाकारांचा, महाराष्ट्रभर कार्यक्रम करतो. त्यांचा कार्यक्रम आम्हाला मिळाला नाही, पण हॉलमध्ये पोरांची प्रॅक्टिस चालली होती. ज्यांना ऐकू येत नाही ती मुलं नाचत होती. गाणं स्पीकरवर फुल, आणि समोर जमिनीवर एक बाई बसलेल्या, त्या हाताने ताल देत होत्या, बोटांनी एक दोन तीन चार, मूठ म्हणजे थांबा, तळहात उलटा म्हणजे गिरकी. मुलांची नजर त्या हातांवर. मध्येच लाईट गेली. स्पीकर बंद, गाणं बंद, आणि मुलं नाचतायतच, कारण बाईंचे हात थांबले नव्हते. बाईंनी पण मजा घेतली, आहे तसंच पुढे नेलं, एका पोराला मुद्दाम चुकीची खूण करून फसवलं तर त्याने तिथल्या तिथे कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे असं बघितलं ना! सगळा हॉल हसला. मी टाळ्या वाजवल्या, मग लक्षात आलं आणि सगळ्यांसारखे दोन्ही हात वर करून हलवले.

श्रद्धावनात पण जाऊन आलो. बाबा २००८ मध्ये गेले, साधनाताई २०११ मध्ये, दोघांनाही इथेच मातीत ठेवलंय. दहन केलं नाही. दादाने तिथे कॅमेरा काढला नाही, कोणी सांगितलंही नव्हतं.

रविवार

ताडोबा. पहाटे मोहर्ली गेट. मोबाईल आत नेता येत नाही, कॅमेरा चालतो, त्यामुळे दादा राजा आणि मी बेरोजगार.

वाघ दिसला का? दिसला, म्हणजे बांबूमागे पाठीचे चार पट्टे दिसले आणि त्या चार पट्ट्यांसाठी जिप्सींची जी काही रेटारेटी झाली ती बघून मला वाघाचं वाईट वाटलं. एका जिप्सीतले काका तर उभं राहून ओरडून सांगत होते, दिसला दिसला! वाघाला पण कळलं असेल.

त्यापेक्षा मला रानकुत्रे आवडले, तळ्याकाठी एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होते, कान चावत होते, शुद्ध टाईमपास. आणि कुलूचं झाड, इंग्रजीत त्याला भुताचं झाड म्हणतात, पानं गळून पांढरंफट्ट, चंद्रप्रकाशात बघितलं तर मी तरी बेशुद्ध पडेन. ऐनाच्या झाडाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोन-चौकोन, गाईडने सांगितलं उन्हाळ्यात त्याच्यात पाणी साठलेलं असतं. रस्त्याच्या कडेला गोंड राजांच्या काळातले दगडी खांब अजून उभे आहेत. दादाने वाघाचा एकही फोटो प्रदर्शनाला दिला नाही, म्हणजे देण्यासारखा नव्हताच.

सोमवार

दिवसभर गाडी. चंद्रपूर, बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टीला वैनगंगा, मग आलापल्ली. रस्ता कुठे मस्त कुठे गायब. "इकडून जड गाड्या लय चालते जी, म्हणून असा झाला," ड्रायव्हरभाऊ खड्डा चुकवत म्हणाले आणि दुसऱ्यात गेले.

आलापल्लीच्या पुढे 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' नावाचा सागवानाचा जंगलतुकडा आहे, नाव ब्रिटिश वाटतं पण जागा बघण्यासारखी. जुनं नैसर्गिक जंगल, तोड न करता राखलेलं, २०१४ मध्ये राज्याने त्याला जैवविविधता वारसास्थळ जाहीर केलं. मामी, दादा आणि मी हात पसरून एका बुंध्याला मिठी मारायला गेलो तर हात पुरले नाहीत, भाऊंना बोलावलं. चौघांचा फोटो कोण काढणार, म्हणून दादाने टायमर लावला आणि पळत येताना वाळक्या पानांवर घसरला. तो फोटो माझ्याकडे आहे.

हेमलकशाला पोचेपर्यंत अंधार पडला होता. फोनची रेंज मध्येच गेली ती गेलीच.

मंगळवार

लोकबिरादरी प्रकल्प. २३ डिसेंबर १९७३ ला सुरू झाला. बाबा त्याआधी मुलांना घेऊन भामरागडला सहलीला आले होते, इथले माडिया गोंड लोक कसे जगतात ते पाहिलं आणि काम करायचं मनात धरलं. बाबांचे धाकटे चिरंजीव डॉ. प्रकाश आणि सून डॉ. मंदाकिनी आमटे इथे येऊन राहिले तेव्हा रस्ता नाही, वीज नाही, आणि माडिया भाषा यांना येत नाही. पेशंट पण येत नव्हते, माणसं बघून जंगलात पळायची. मग आधी भाषा शिकले. आजूबाजूच्या लोकांच्या अंगावर कपडे नाहीत म्हणून डॉक्टर बनियन आणि अर्ध्या चड्डीवर आले आणि पुढेही तसेच राहिले. २००८ मध्ये दोघांना मॅगसेसे मिळालं, बाबांना १९८५ मध्ये मिळालं होतं.

दवाखान्यात मामी मला विसरल्याच. त्या तिथल्या सिस्टरांशी बोलायला बसल्या त्या जेवायलाच उठल्या. बाहेर पेशंटचे नातेवाईक, झाडाखाली तीन दगडांच्या चुली, भात शिजतोय, कुणाचं बाळ कापडाच्या झोळीत. माणसं लांबून येतात, इंद्रावती ओलांडून छत्तीसगडमधून पण. मलेरिया, साप चावलेले, आणि अस्वलाने फाडलेले. मोहफुलांच्या दिवसात अस्वलाच्या केसेस येतात कारण अस्वलालाही मोह आवडतो आणि पहाटे दोघं एकाच झाडाखाली भेटतात.

दादाने दवाखान्यात कॅमेरा पिशवीतच ठेवला. बाहेरच्या चुलींचे मात्र काढले, विचारून. एका आजींनी फोटो बघायला मागितला, बघितला, आणि माडियात काहीतरी म्हणाल्या. सिस्टरांनी सांगितलं, भात करपला म्हणतायत.

प्राण्यांच्या अनाथालयाची सुरुवात अशी की काही आदिवासी शिकार करून माकड नेत होते आणि त्या मेलेल्या आईला पिल्लू चिकटलेलं होतं, जिवंत. डॉक्टरांनी तांदूळ देऊन ते पिल्लू मागून घेतलं. मग लोक स्वतःच पिल्लं आणून द्यायला लागले. भुकेपोटी शिकार करणाऱ्या माणसाला उपदेश केला नाही, तांदूळ दिले, हे मला फार हुशारीचं वाटतं. आता बिबटे, अस्वलं, मगरी, साळिंदर, हरणं आहेत, बघायचं ते लांबून, नियम कडक आहेत आणि बरंच आहे. एक अस्वल टायरचा झोका उलटा करून त्यात स्वतः अडकून बसलं होतं, सुटायची अजिबात घाई नव्हती त्याला.

बुधवार

पहाटे मोहफुलं. हे बघायचं असेल तर उठावंच लागतं. फुलं रात्री उशिरा गळायला लागतात ती सकाळपर्यंत टपटप पडत राहतात, पिवळट पांढरी, रसाळ, मण्यासारखी, वास गोड आणि जरा जड, दोन मिनिटांनी डोक्यात जातो. बायका आणि पोरं टोपल्या घेऊन वेचत होती. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जमीन काळी स्वच्छ केलेली, म्हणजे फूल पटकन दिसतं. यातूनच कधीकधी वणवे लागतात, म्हणून हल्ली काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधतात. फुलं वाळवून वर्षभर वापरायची, खायला, विकायला, आणि हो, दारूला. मी एक तोंडात टाकलं, गोडमिट्ट, मागून किंचित कडवट. त्या बायकांनी माझा चेहरा बघून जी नक्कल केली ती अजून माझ्या डोळ्यासमोर आहे.

नंतर भामरागडचा संगम, इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा. मार्चमध्ये वाळू, मोठे खडक आणि मध्ये निवांत हिरवं पाणी. पावसाळ्यात हीच पर्लकोटा पुलावरून वाहते आणि भामरागडचा संपर्क तुटतो. पलीकडचा काठ छत्तीसगड.

खरी मजा दुपारी. प्रकल्पाची आश्रमशाळा सुटल्यावरची वेळ, सरांना विचारून दादाने जुना छोटा कॅमेरा मुलांच्या हातात दिला. अट एकच, पट्टा गळ्यात घालायचा. मी म्हटलं आता सेल्फी येणार. एक पण नाही! पहिल्या पोराने जमिनीवर पालथं पडून मुंग्यांच्या रांगेचा काढला. दुसऱ्या पोरीने स्वतःच्या सावलीला दोन वाळक्या काटक्यांची शिंगं लावून तिचा काढला, मग सगळ्यांनाच शिंगं पाहिजे झाली, अंगणभर शिंगवाल्या सावल्या पळतायत. एकाने मातीची मगर केलेली होती, तिला खऱ्या तळ्याकाठी ठेवून इतक्या जवळून काढलं की मी क्षणभर घाबरले. एका बारक्याने फक्त आभाळ काढलं, पंधरा-वीस वेळा, सगळं निळं. दादाने विचारलं यात काय आहे रे? तो म्हणाला, पोपट होता, गेला. मग दादाने त्याला शटर कधी दाबायचं ते शिकवलं, पोपट दिसल्यावर नाही, दिसायच्या आधी, आवाज आला की. तो पोरगा अर्धा तास आंब्याखाली डोळे मिटून उभा. एका फोटोत कोपऱ्यात हिरवी शेपटी आलीये.

मामी तोवर मुलींबरोबर पेनाचा खेळ खेळत होत्या, डोळे मिटा, कुठे टेकवलं सांगा. मुलींना वाटलं खेळच आहे. मामींनी सगळ्यांचे हात नीट बघून घेतले.

गुरुवार

परतीचा प्रवास, त्यात सांगण्यासारखं काही नाही. आष्टीला चहा, गोंडपिपरीला पंक्चर. भाऊंचा गुडघा बरा आहे म्हणाले.

प्रदर्शनाचं काय झालं ते सांगते. दादाने आधी स्वतःचेच फोटो निवडले होते. मामींनी त्यातले दोन काढून टाकले, दोन्हीत एक आजी नुसती कॅमेऱ्याकडे बघत बसलेली, डोळ्यात पाणी असल्यासारखं. "धूर गेला होता तिच्या डोळ्यात, मी तिथेच होते, लोकांना वाटेल दुःख आहे," मामी म्हणाल्या. दादा थोडा वेळ भांडला, प्रकाश किती सुंदर आहे वगैरे. मग त्या जागी सतरंजी, आजोबा आणि त्यांचा पूर्ण दिसणारा माग, एमसीआरची चप्पल, करपलेला भात आणि मोहाखालची काळी जमीन गेली. खेळकर विभागात दादाचा एकही नाही, सगळे मुलांचे. खाली नाव काय लिहायचं यावर ग्रुपमध्ये वाद झाला, मुलांची नावं छापायची नव्हती, दादाचं छापायला दादा तयार नव्हता, शेवटी 'आश्रमशाळेतली मुलं' असं गेलं.

सगळ्यात जास्त लोक शेपटीवाल्या फोटोसमोर थांबत होते आणि विचारत होते यात नक्की काय बघायचंय. दादा सांगत होता, वरचा उजवा कोपरा.

प्रिंट काढून शाळेच्या पत्त्यावर पाठवल्यात, मुंग्यांची मोठ्या साईजमध्ये. सरांचा फोन लागला की पुढचं कळेल, तिकडे रेंज येते तेव्हा येते.